गंगाक्काची विमानं

सकाळी सातला आमच्या वडगावच्या गल्लीत पॉवरलूम सुरू होतात, आणि त्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून गंगाक्का फोनवर कुणाला तरी झापत असते. गल्लीत नवीन आलेल्या भाडेकरूला वाटतं, सुनेशी भांडण चाललंय. गंगाक्काला सून नाही. मूलबाळही नाही. फोनच्या पलीकडे असतात धारवाडचे एक नावाजलेले सर्जन, आणि भांडण चाललेलं असतं त्यांच्या विमानावरून.

"डाक्टर, दिवसभर माणसं फाडून शिवतासा न्हवं? मग उंदरानं पंखाला भोक पाडल्यालं दिसलं न्हाय तुमास्नी? चिकटपट्टी लावलीसा! काय वहीचं कव्हर हाय व्हय त्ये?"

सर्जनसाहेब मुकाट्यानं ऐकून घेतात. त्यांच्या हाताखालचे लोक त्यांना चळाचळा कापतात म्हणे. ते गंगाक्काला कापतात.

गंगाक्का विमानांचे पंख शिवते. जुन्या बनावटीच्या लहान विमानांचे पंख पत्र्याचे नसतात. आत लाकडी फासळ्या, त्यांवर ताणून बसवलेलं कापड, आणि ते फासळीला धरून राहावं म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके. वरून उग्र वासाचं रोगण मारलं की पंख ढोलकीसारखा ताठ होतो. हे सगळं मला या वयात ठाऊक असण्याचं कारण एवढंच, की मी निवृत्त शिक्षक, तिच्या भिंतीला भिंत लावून राहतो, आणि विमानाची इंग्रजी पुस्तकं तिला मराठीत वाचून दाखवणं हे माझ्यावर लादलेलं काम आहे. वाचताना शिव्या मला बसतात.

"ह्ये कुणी लिवलंय, मास्तर? त्याला आदी सुई धराय येतीय काय बघा!"

एवढं बोलून ती पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा दाट टाका घालते. शेवटी बंगळूरहून परवानाधारक इंजिनियर येऊन तपासतो, कागदावर सही करतो. "सही त्येंची, टाका माझा," असं ती त्याच्या तोंडावर सांगते.

सुरुवातही रागानंच झाली. तिचे यजमान मारुतीअण्णा गावाबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. एकदा पंखाचं कापड फाटलं, तेव्हा त्यांनी ते खडेबाजारातल्या एका शिंप्याकडून शिवून आणलं. गंगाक्का विणकराची मुलगी. तिनं ती शिवण पाहिली, "ह्यो काय उशीचा अभ्रा हाय?" म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळी उसवून टाकली. मग पुन्हा शिवायचं कुणी? तिनंच. क्लब पुढं बंद पडला, मारुतीअण्णाही गेले. पण ज्यांच्याकडं अशी जुनी विमानं आहेत त्या लोकांत तिचं नाव राहिलं.

ते लोक म्हणजे आपल्या भागात तिघंच. धारवाडचे सर्जन, गोव्यात राहणारे एक निवृत्त कॅप्टन, आणि निपाणीचे आबासाहेब. आबासाहेब तंबाखूचे व्यापारी, त्यांचं पिवळं विमान तंबाखूच्या वखारीत उभं असायचं. तीन मालक, तीन विमानं, आणि सगळी मिळून चाकं आठ. कॅप्टनच्या विमानाचं शेपटीचं चाक मोडलं, तसं ते कुठंच मिळेना. सर्जननी आपल्या विमानाचं काढून एसटीच्या पार्सलनं पाठवून दिलं. तेव्हापासून ते चाक आलटून पालटून फिरतं, आणि ज्याची पाळी नसेल त्याच्या विमानाची शेपूट लाकडी स्टुलावर टेकलेली असते. तिघंही एकमेकांना "अरे-तुरे" करतात आणि गंगाक्काला "आक्का, आक्का" करत वाकतात.

परवाच्या उन्हाळ्यात आबासाहेबांच्या मुलाचा तिला फोन आला. मी तिथंच बसलो होतो.

"आक्का, विमान एका हॉटेलला देऊलोय. हायवेवर खांबावर चढवून ठेवणार हाईत. तुम्ही पंखाची खालची बाजू तेवढी नीट करून द्या. वरचं कोण बघतंय?"

गंगाक्का ओरडली नाही, तेव्हाच मी घाबरलो. तिनं फोन ठेवला, मोठी कात्री पिशवीत टाकली आणि म्हणाली, "मास्तर, चपला घाला."

निपाणीच्या बसमध्ये मात्र तोंड सुटलं. आधी सर्जनना फोन, मग कॅप्टनना. "इमान वरच्या कापडानं उडतंय, आणि म्हणे वरचं कोण बघतंय! दोस्त म्हणवून घेतासा, आणि ठाव न्हाय तुमास्नी? आत्ताच्या आत्ता या!" सगळी बस गप्प बसून ऐकत होती. कंडक्टरनं आमच्याकडं तिकिटं मागायचं धाडस संकेश्वरच्या पुढं केलं.

वखारीत विमानाचा एक पंख उतरवून ठेवलेला. शेजारी खुर्चीत आबासाहेब बसलेले. गंगाक्कानं पिशवीतून कात्री काढली.

"उडतं इमान खांबावर टांगतासा? जित्त्या माणसाच्या फोटोला हार घालाल्यागत? टांगा की. पर माझं टाकं मी उसवून नेते."

"आक्का, विमान आमचं आहे," मुलगा मध्ये पडला.

मी उभ्या नोकरीत पोरावर आवाज चढवला नाही. पण काय झालं कोण जाणे, मी त्या चाळिशीच्या गृहस्थाच्या अंगावर ओरडलो, "खाली बस!" आणि तो तंबाखूच्या पोत्यावर खाली बसला.

"त्याला बोलू नका," आबासाहेब म्हणाले. "मीच हो म्हटलंय. डोळे गेले माझे, आक्का. धूसर धूसर दिसतंय. उडवायचा परवाना गेला. हितं उंदरांनी खाण्यापेक्षा येणारे-जाणारे तरी बघतील म्हटलं."

गंगाक्का दुप्पट भडकली. "मग आदी सांगायला तोंड नव्हतं? मी कोण? ह्ये दोघं कोण?"

ते दोघं दुपारी पोचले. सर्जन त्या दिवसाचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवून आले होते, कॅप्टन गोव्याहून चोर्ल्याचा घाट चढून, जांबोटीवरून. चौघंही पोत्यांवर बसून एकमेकांवर इतकं ओरडले, की हमाल बाहेर जाऊन उभे राहिले. आबासाहेबांनी ही गोष्ट लपवली, म्हणून सगळ्यांचा राग. शेवटी कॅप्टन म्हणाले, "विमान माझ्या शेडात येईल. उडवीन मी. पुढच्या सीटवर तू बसायचं, आणि तोंड बंद ठेवायचं." सर्जननी कागदपत्रं अंगावर घेतली. मुलानं मान खाली घालून हॉटेलला फोन केला.

"दुसरं कायतरी टांगा म्हणावं," गंगाक्का म्हणाली. "म्हशीला टांगा."

म्हणजे आता पंख नीट शिवायला हवा होता, दोन्ही बाजूंनी. दुसऱ्या दिवशी पंख दोन स्टुलांवर उभा केला. हातभर लांब सुई एका बाजूनं आरपार घालायची, पलीकडं उभ्या माणसानं ती घेऊन परत द्यायची, असं ते काम चालतं. कॅप्टन पलीकडं जाऊन उभे राहिले.

"तिकडं कुणी उभं ऱ्हायाचं न्हाय!" गंगाक्का कडाडली.

कॅप्टन बाजूला झाले. तिनं सुई घातली, वळसा घालून पलीकडं गेली, सुई परत घातली, वळसा घालून अलीकडं आली. एका टाक्याला एक फेरी. पासष्टीची बाई, सुजलेले गुडघे. दुपारपर्यंत मी ते पाहिलं आणि मग माझंही डोकं फिरलं.

"आक्का, कसला हट्ट हा? चार धडधाकट माणसं उभी आहेत इथं!"

वाटलं, आता सुई माझ्यात घुसते. पण ती पोत्यावर टेकली आणि दोऱ्याला मेण घासत राहिली.

"तिकडं आमच्या ह्येनी उभं ऱ्हायाचं, मास्तर. बावीस वर्सं. मदी पंख, त्यामुळं माणूस दिसत न्हाय. नुसती सुई येती. यायला उशीर झाला की मी वरडायची, काय करालायसा म्हणून." "आता सुई लगेच आली तरीबी मला रागच येतोय."

आबासाहेब खुर्चीतून उठले. पंखाच्या कडेला हात लावत, चाचपत, ते पलीकडं गेले आणि उभे राहिले. कुणाला विचारलं नाही. पंखाखालून त्यांची पावलं तेवढी दिसत होती. गंगाक्कानं ती पाहिली. मी कान झाकायच्या तयारीत होतो.

तिनं उठून सुई घातली. पलीकडं बराच वेळ चाचपाचाचपी चालली. कापडावरून बोटं फिरल्याचा आवाज येत होता. मग सुईचं टोक अलीकडं आलं, जागेपासून चांगलं बोटभर लांब.

"हितं न्हवं, आबासाहेब," ती म्हणाली. तो आवाज आमच्या गल्लीनं कधी ऐकलेला नाही. "जरा डाव्या अंगाला. द्या सावकाश. मी हाय हितंच."