दसऱ्याचा लाल कॅलिपर

दसऱ्याच्या सकाळी कोपरीतल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सौमित्र सासऱ्यांच्या गाडीचे पुढचे डावे चाक काढून बसला होता. चाकाच्या रिकाम्या जागी ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे तबकडीला चिमटीत धरणारा तो ओबडधोबड लोखंडी तुकडा, नुकत्याच दिलेल्या रंगाने लालबुंद चमकत होता. उघड्यावर पडलेल्या एखाद्या गुपितासारखा.

मुलाकडे बेंगळुरूला जाताना सासऱ्यांनी, श्रीपादरावांनी, किल्ली देऊन बजावले होते, "चालवा खुशाल. पण तिला काही लावायचं नाही. साधं स्टिकरसुद्धा नको." आणि तरीही सौमित्रने ब्रश हाती घेतला होता. करड्या दिवसांच्या आत, फक्त आपल्यालाच ठाऊक असलेला एक लाल ठिपका असावा, एवढीच त्याची इच्छा होती. चाकाच्या फटीतून सासरे थोडेच डोकावणार होते?

तेवढ्यात बायको बाल्कनीतून ओरडली, "सौमित्र! बाबा ठाण्याला उतरलेत. रिक्षात बसलेत!"

"आज? परवा येणार होते ना?"

"गाडीची पूजा स्वतःच्या हाताने करायचीय म्हणे. सरप्राइज देतायत."

"मिळालं मला," सौमित्र पुटपुटला.

चाक बसवण्यापूर्वी, रंग उडू नये म्हणून तबकडीवर लपेटलेले वर्तमानपत्र काढणे भाग होते. त्याने ओढले, तर अर्धे हातात आले आणि उरलेले ओल्या रंगाला चिकटून बसले. आता कागद तसाच ठेवावा, तर ब्रेक लागणार नाहीत. जोरात ओढावा, तर रंग तबकडीवर जाणार. सासरे, पत्नी, फाटकाबाहेरचा उतार आणि न थांबणारी गाडी असे सारे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे एकदम उभे राहिले. घाम पुसत तो ब्लेड आणायला जिन्याकडे धावला.

परत आला तेव्हा तळमजल्यावरच्या रमाबाई पूजेचे ताट घेऊन चाकापाशी बसल्या होत्या. ओल्या कॅलिपरवर अक्षता रुतल्या होत्या, झेंडूच्या पाकळ्या डकल्या होत्या आणि उदबत्तीची राख अलगद स्थिरावत होती.

"रमाबाई, हे काय केलंत!"

"काय क्येलं? पूजा क्येली! आमी बॉनेटला कुकू लावताव, तू तं बाला पार चाकाचे आत लावलंस! खरी गारी थांबवतंय कोन? बिरेक! त्याला कुनी पुसतंय का?"

सौमित्र ब्लेड खिशात लपवत असतानाच फाटकातून रिक्षा आत आली. श्रीपादराव उतरले. जॅकवर लंगडी उभी असलेली गाडी पाहून त्यांचा चेहरा कठोर झाला.

"पंक्चर?"

"पंक्चर कंचा? तुमचे जावयानं बिरेकाची पूजा मांडलीय!" रमाबाई अभिमानाने म्हणाल्या.

श्रीपादराव वाकले. खूप वेळ वाकूनच राहिले. मग त्यांनी अनामिका त्या लाल रंगावर टेकवली, स्वतःच्या कपाळी टिळा लावला आणि दुसरा सौमित्रच्या कपाळी उमटवला. रमाबाईंनी हात जोडले. सौमित्रला मात्र रंगाच्या डब्यावरचा मजकूर आठवत होता: कितीही उष्णता सोसेल, पाण्याने, साबणाने जाणार नाही.

जेवताना श्रीखंडाची चव त्याला लागली नाही. कपाळावरचा टिळा वाळून कातडी ओढत होता. हात धुवायला गेलेले श्रीपादराव परतत नव्हते; बेसिनचा नळ वाहत राहिला, साबणाची वडी दोनदा खाली पडली. अखेर ते बाहेर आले. सारे कपाळ घासून तांबडे झाले होते आणि मधोमध टिळा जसाच्या तसा होता.

"बाबा," सौमित्र म्हणाला, "ते कुंकू नव्हतं."

"वाकलो तेव्हाच वास आला."

"मग तुम्ही कपाळाला का लावलंत?"

"त्या माउलीसमोर जावयाची शोभा करू? एवढ्या कौतुकाने बघत होत्या त्या."

सौमित्रची मान खाली गेली. "मी आजच्या आज सगळा रंग खरवडून काढतो."

"खरवडता कशाला? एकच चाक लाल आणि तीन काळपट, हे कसं दिसेल?" श्रीपादराव शर्टाची बटणे काढू लागले. "हा टिळा पुसायला थिनर आणा आधी. आणि मला तुमचा एखादा जुना शर्ट द्या."