आईचं पान सापडत नाही

आमच्या रोपवाटिकेची वेबसाइट मी एकट्यानं, अकरा दिवसांत नवीकोरी करून दाखवली. हे आधीच सांगतो, कारण पुढे मिरवण्यासारखं काही नाही.

सगळी माहिती मी नव्या साइटवर आणली, फक्त प्रत्येक पानाचा पत्ता बदलला. मालकीणबाई म्हणाल्या, "जुन्या लिंका चालतील ना? कुंड्यांच्या चिठ्ठ्यांवर छापल्यात त्या."

"बाई, जुनं कोण उघडतंय?"

पान न सापडल्यास दिसणारा मजकूरही मीच लिहिला, जरा खेळकर: 'तुम्ही शोधताय ते आता इथे राहत नाही. नव्या बागेत फिरून या!'

सोमवारी नऊला साइट सुरू झाली. सव्वानऊला एका बाईंचा फोन. "माझ्या जास्वंदीवर मावा पडलाय आणि तुम्ही मला फिरून यायला सांगताय?"

त्यानंतर फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. दहाव्या फोनवर बाबा होते.

"तुमच्या साइटवर आई राहत नाही म्हणतायत," ते शांतपणे म्हणाले.

मी खुर्चीत बसलो. आईनं इथल्या गुलाबांमध्ये वीस वर्षं काढली. छाटणी कशी करायची, हे तिच्या आवाजात चार मिनिटं साइटवर होतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मी ते एकदाही लावलं नव्हतं. धीरच झाला नाही.

"तुम्ही ऐकता ते?"

"रोज सकाळी. छाटणी विसरायला होतं."

बाबांकडे तिसऱ्या मजल्यावर एकच कुंडी आहे, कोरफडीची. तिला छाटावं लागत नाही.

मी घाईघाईनं जुन्या-नव्या पत्त्यांची यादी जोडली. त्यात एक ओळ सरकली आणि प्रत्येक जण शेजारच्या पानावर जाऊन पडला. जास्वंदीवाल्या बाई निवडुंगात पोचल्या. बाबांचा पुन्हा फोन.

"आता गांडूळखत आलंय."

"बाबा, दहा मिनिटं थांबा."

"थांबतो. मला कुठं जायचंय."

मग यादी बाजूला सारून एकेक लिंक हातानं जोडायला बसलो. गुलाबापर्यंत पोचल्यावर बाबांना फोन लावला. पलीकडे त्यांनी पान उघडलं, आणि दोन घरांपलीकडून यावा तसा आवाज आला: "कात्री आधी पुसून घ्यायची. घाई करायची नाही." मध्येच ती थांबली, कुणाला तरी म्हणाली, "अगं, तो पाइप बंद कर गं," आणि पुन्हा फांदीकडे वळली.

मला बाबांना काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "लागलं. आता तू ठेव फोन. मध्ये बोलू नकोस."

मी ठेवला. दार लोटलं आणि तेच पान उघडलं.

संध्याकाळी मालकीणबाई डोकावल्या. "किती झाल्या?"

"गुलाबापर्यंत आलोय," मी म्हणालो.

"ते तर दुपारी जेवायच्या आधीच म्हणाला होतास."