पाणी सोडायचं नाही

भानुदासराव चहाचा ग्लास आधी उजेडाकडे धरायचे आणि मग ओठाला लावायचे. दुधाच्या चहातून आरपार काय दिसणार, हे त्यांना सगळ्यांचं सांगून झालं होतं. "सवय हाय भाऊ," म्हणायचे आणि तळाशी साखर राहिली का ते बघायचे. एकदा क्रांती चौकाजवळच्या एका लग्नात त्यांनी साराची वाटी अशीच वर धरली. यजमानांना वाटलं, माशी पडली. बिचाऱ्यांनी धावत दुसरी वाटी आणली, तर यांनी तीही वर धरली. शेवटी मुलीच्या मामाने हात जोडले.

ते आमच्या चिकलठाण्याच्या साबणाच्या कारखान्यात केमिस्ट होते आणि मी डिस्पॅचला. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत आणि जालना रोडवर दोन सायकली शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ शकत. आता त्या शेडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनतात. तिथून जाताना मला अजूनही त्या साबणाचा वास येतो, आणि तो खरा नाही हे कळत असूनही बरं वाटतं.

आम्ही दवाखान्यांसाठी जंतुनाशक पातळ साबण बनवायचो. भानगड होती ती त्यातल्या पावडरीची. जंतू मारण्यात ती पटाईत, पण पाण्यात विरघळायला मुळीच तयार नसायची. नुसत्या पाण्यात टाकली की तळाला जाऊन रुसून बसायची. म्हणून भानुदासराव तिला आधी कोमट ग्लायकॉलमध्ये विरघळवत, मग घट्ट साबणात कालवत आणि सगळ्यात शेवटी करंगळीएवढ्या धारेनं पाणी देत. ग्लायकॉलला ते 'मध्यस्थ' म्हणत आणि पावडरीला 'नवरी'. "नवरी आली का स्टोअरमधून?" असं सकाळी सकाळी ओरडले की नवी माणसं चमकून बघायची.

"मध्यस्थाबिगर लगीन जमतंय का भाऊ? नव्या पोरीला एकदम पाण्यात ढकललं तर ती रमंल का?"

तयार झालेला साबण काचेसारखा स्वच्छ दिसला तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. थंडीत तो पुन्हा गढुळायची भीती असे. "उनाळ्यात समदंच साफ दिसतं. हिवाळा निघू द्या, मंग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवी स्कूटर असो, नवा मॅनेजर असो, की शेठचा जावई, सगळ्यांना हीच कसोटी.

आणखी एक खोड होती. टाकीत 'पाणी सोडा' म्हटलेलं त्यांना चालत नसे. 'पाणी द्या' म्हणायचं. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे तिचा नाद कायमचा सोडणं, म्हणून हा शब्द अशुभ मानत असतील, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती.

मधूनमधून एक रजा काढून ते लासूर स्टेशनला जायचे. विचारलं तर म्हणायचे, "बाजार करून येतो." भरलेली पिशवी घेऊन जाणारा आणि रिकामी पिशवी घेऊन परतणारा असा बाजारकरी मी दुसरा पाहिला नाही.

अशाच एका रजेच्या दिवशी नव्या सुपरवायझरने हुकूम दिला, "पाणी सोडा."

टाकीवरचे जब्बारभाई म्हणाले, "साब, धीरे धीरे देना पडता. भानुसाब बोलके गए."

सुपरवायझरला घाई होती. त्याने स्वतःच वॉल्व्ह पुरता उघडला आणि बघता बघता टाकीभर ताक झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टाकीभोवती जमले. शेठने डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "भानुदास, यावर आता पाणी सोडा. नवीन बॅच घ्या."

"नाय सोडणार," भानुदासराव म्हणाले. शेठसमोर आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग तेच खाली बघत म्हणाले, "पावडर खराब नाय शेठ. एकदम ढकललं म्हणून बिचकली. आजचा दिवस द्या."

शेठने तो दिला. दिवसभर भानुदासराव टाकीपाशी बसून होते. मंद वाफ, थोडं ग्लायकॉल, पुन्हा ढवळणं. जेवायला उठेनात, म्हणून मी डबा तिथंच नेला. डबा न उघडता ते म्हणाले, "आमची मंडळी लासूरची."

यांचं लग्न झालंय, हेच मला ठाऊक नव्हतं.

"देवगाव रंगारीला आमचं लई मोठं घर. लगीन झालं आन् तिला तितंच ठिवून मी लगेच इकडं नोकरीवर आलो. कुणाशी वळख करून दिली नाय, काय नाय. ती बोलंना, जेवंना. माहेरी गेली ती आलीच नाय. घरचे म्हणतेत, सोड तिच्यावर पाणी, दुसरी बघू."

"मग तुम्ही?"

"मी जातो. वसरीवर बसतो. साबण, बांगड्या, काय नेलं असंल ते ठिवतो. ती बोलत नाय. पण तांब्या भरून पाणी देती."

संध्याकाळी टाकी निवळली. भानुदासरावांनी काचेच्या भांड्यात साबण घेऊन खिडकीशी धरला. पलीकडून जब्बारभाईंनी विचारलं, "मैं दिखरा क्या?"

"दाढीका एकेक बाल दिखरा," भानुदासराव म्हणाले आणि मग डबा उघडला.

घरी मी हे सगळं माझ्या बायकोला, सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण यांच्यात मध्यस्थ कोण?" पुढच्या रजेला तीच त्यांच्याबरोबर लासूरला गेली, नंतरही जात राहिली. तिथं काय बोलणं झालं, ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

चैत्रात भानुदासरावांच्या मंडळी, कौसल्याबाई, एक ट्रंक घेऊन त्यांच्या मुकुंदवाडीच्या खोलीवर आल्या. सगळं पॅकिंग खातं त्यांना भेटायला निघालं, तर भानुदासराव कारखान्याच्या फाटकात आडवे आले. "सुमनवहिनी एकट्याच येतील. बाकीच्यांनी दम धरा. धार बारीक ठिवा." कसं चाललंय विचारलं, तर म्हणाले, "उनाळा हाय भाऊ." मी हसलो, पण ते खरोखर घाबरलेले होते.

संक्रांतीला मात्र त्यांनी आम्हा सर्वांना बोलावलं. त्या एवढ्याशा खोलीत जब्बारभाईंसकट सगळे दाटीवाटीनं बसलो. कौसल्याबाईंनी तिळगूळ दिला, चहा दिला. भानुदासरावांनी ग्लास उजेडाकडे धरला.

मी हळूच विचारलं, "काय म्हणतो हिवाळा?"

"अजून शिवरात्र हाय भाऊ," ते कुजबुजले. "आत्ताच कसं सांगावं?"

स्टोव्हपाशी बसलेल्या कौसल्याबाईंनी मान वर न करता सांगितलं, "निघाला म्हणा की. मी काय आता कुठं जात नाय. आन् तो ग्लास खाली घ्या, साखर घालून हलवलीय."

भानुदासरावांनी ग्लास खाली घेतला आणि चहा न बघताच पिऊन टाकला.