लाल पाटी आणि चिकन पास्ता

"आजपासून संध्याकाळी सहा ते सात मी बसणार!" वहिनींनी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं. "नुसती बसणार. पाय वर घेऊन. स्वयंपाक हा करेल!"

हा म्हणजे नवा स्लो कुकर. मिक्सरला कोपऱ्यात ढकलून तो ओट्यावर नव्या जावयासारखा ऐटीत बसला होता.

वहिनी नक्की कुणाच्या वहिनी, हे विचारू नका. घरात दीर नाही, नणंद नाही. पण इस्पितळाच्या एक्स-रे विभागात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. त्यांचं सगळं काम उभ्याचं. "श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा!" हे दिवसभर लोकांना सांगायचं, आणि स्वतःला श्वास घ्यायला फुरसत नाही. घरी आलं की ओट्यासमोर पुन्हा उभं. हल्ली तर रात्री अंथरुणावर पडल्यावरही आपण उभ्याच आहोत असं त्यांना वाटायचं. कुणावर तरी खच्चून ओरडावंसं वाटे, पण तेवढं त्राण उरलेलं नसे.

सासूबाईंचा या यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. "जाळ नाही, आवाज नाही, ते शिजवणार काय कपाळ!" असं त्यांचं मत. दोन दिवस वादावादी होऊन शेवटी तह झाला. आज रात्री चीज घातलेला चिकन पास्ता. चांगला झाला तर यंत्र घरात राहणार आणि वहिनींना त्यांचा तास मिळणार. बिघडला तर यंत्र उद्या दुकानात परत आणि वहिनी ओट्यासमोर परत.

म्हणून वहिनींनी त्या दिवशी जीव ओतला. चिकन, कांदा, लसूण, मिरपूड, दूध, चीज, सगळं भांड्यात रचलं, झाकण ठेवलं, बटण फिरवलं. संध्याकाळी पास्ता उकडून त्यात ढवळला की झालं! मग त्यांनी घरातल्या सगळ्यांना ओळीने उभं केलं.

"झाकण उघडायचं नाही. बटण फिरवायचं नाही. कुणीही, कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

"मी कशाला लावतेय?" सासूबाई फणकारल्या. "मी आज त्या खोलीत पाऊलच टाकणार नाही. दुपारी शेजारी जेवेन. यंत्र आणि तू, घाला काय घालायचा तो गोंधळ."

"आणि आबा, तुम्ही!"

आबा म्हणजे सासरे. जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. निवृत्त झाले, पण खिशातला स्क्रू-ड्रायव्हर निवृत्त झाला नव्हता. वहिनींचा नवराही त्याच कंपनीत, त्याच कामावर. बापलेकांनी मिळून घरातली एकही वस्तू न उघडलेली ठेवली नव्हती.

"मी नुसतं बघेन," आबा म्हणाले.

"लांबून!" असं बजावून वहिनी कामावर गेल्या.

दुपारच्या आत फोन आलाच. वहिनींसमोर एक भले दांडगे गृहस्थ छाती फुगवून एक्स-रेच्या यंत्राला चिकटून उभे होते.

"सूनबाई, त्याचा आवाज येत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"त्याचा आवाज नसतोच, आई."

"वाससुद्धा येत नाही."

"इतक्यात नाही येणार. तो सावकाश शिजवतो. त्याचं नावच तसं आहे!"

मागून आबा काहीतरी बोलत होते. सासूबाईंनी ते पुढे पोहोचवलं. "हे म्हणतायत, प्लग गरम लागतोय."

"अहो, शिजवायचं यंत्र आहे ते! गरम नाही होणार तर काय गार होणार? आबांना म्हणावं, काही काळजी करू नका, सगळं बरोबर चाललंय!"

"वहिनी," गृहस्थ जांभळे होत कसेबसे म्हणाले, "सोडू का?"

"अगंबाई! सोडा, सोडा!"

उरलेला दिवस वहिनी पायांवर उभ्या होत्या, पण मनाने त्या कधीच सोफ्यावर पोहोचल्या होत्या. कुठली उशी पायांखाली घ्यायची, हेसुद्धा ठरलं होतं.

संध्याकाळी घरी आल्या. सासूबाई बागेत फिरायला गेलेल्या. नवरा सोफ्यावर, आणि पाय, बघा, वर! स्वयंपाकघरात शिरताना वहिनींनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

कसलाही वास नव्हता.

त्यांनी डोळे उघडले. कुकर गार होता. त्याची वायर टोकाशी उघडी, प्लग गायब. आणि वरच्या बटणाला दोरीने बांधलेली एक पत्र्याची लाल पाटी लोंबकळत होती.

आता ही पाटी समजून घ्या. लिफ्टच्या कामात एक कडक नियम असतो. माणूस आत शिरण्याआधी वीज बंद करतो आणि स्विचला आपली लाल पाटी बांधतो. ती पाटी ज्याने बांधली त्यानेच सोडायची. मालक येवो, साहेब येवो, दुसरा कुणी तिला बोटही लावत नाही, कारण आत कुणाचा तरी जीव असतो. चांगला नियम आहे. फक्त आबांनी तो घरी आणला होता. इस्त्रीवर पाटी, पंख्यावर पाटी. एकदा गीझरवर पाटी बांधून आबा गावाला गेले, तेव्हा सगळं घर आठवडाभर गार पाण्याने न्हात होतं.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "हे कधीचं आहे?"

नवरा दारात आला. "मी दुपारी डबा न्यायला आलो होतो, तेव्हापासून आहे."

"दुपारी? तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं ना."

"मग काही केलं का नाहीत?"

"म्हणजे काय?" नवऱ्याला प्रश्नच कळेना. "पाटी आबांची आहे!"

"मला फोन तरी करायचा!"

"तूच फोनवर आईला म्हणालीस ना, सगळं बरोबर चाललंय?"

पाटी ओढून काढावी म्हणून वहिनींनी हात पुढे केला, तर नवऱ्याने तो अक्षरशः धरला. चेहरा पांढराफटक! "नको गं! गंमत नाही ती." सोळा वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलला नव्हता. वहिनींनी हात मागे घेतला. काढून तरी काय उपयोग होता, प्लग तर नव्हताच.

झाकण मात्र त्यांनी उघडलं आणि लगेच लावलं. सकाळी नुसतं कोमट होऊन मग दिवसभर पडून राहिलेलं चिकन कुणाला खायला घालायचं नसतं. त्यासाठी एक्स-रे काढायची गरज नव्हती.

"आबा आहेत कुठे?"

त्याच क्षणी फोन वाजला. आबाच होते.

"सूनबाई, तुझ्या प्लगचा स्क्रू ढिला होता. म्हणून गरम होत होता, बरं का! जळाला असता. तसा स्क्रू माझ्या जुन्या मित्राकडे मिळाला. पण मी जरा अडकलोय."

"गप्पांत?"

"लिफ्टमध्ये." आबांचा आवाज खूप खाली गेला. "कुणाला सांगू नकोस. पोराला पाठव. आणि त्याला म्हणावं, कंपनीचा शर्ट घालून येऊ नकोस."

नवरा साधा शर्ट चढवून पळाला. वहिनी ओट्यासमोर एकट्या उरल्या. रडावं असं मनापासून वाटलं. पण सासूबाई यायला थोडाच वेळ होता, आणि उद्या यंत्र परत गेलं की तो तास पुन्हा काही कुणी देणार नव्हतं. रडणं पुढे ढकललं!

मग काय विचारता! भांड्यातलं सगळं कचऱ्यात. धावत कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे. तिथे रांग. रांगेत अर्थातच उभं! धावत वर. एका शेगडीवर चिकन, दुसरीवर पास्ता, एका हातात झारा, दुसऱ्यात किसणी. दुधाला उतू जाण्याची हीच वेळ सापडली. सहा ते सातचा तो तास, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, वहिनींनी जन्मात उभ्या राहिल्या नव्हत्या इतक्या उभ्या राहून काढला. शेवटी सगळा पास्ता स्लो कुकरच्या भांड्यात ओतला, शेगडी पुसली, पातेली घासली, आणि ओट्यावरच्या यंत्रावर, पाटीसकट, टॉवेल टाकला.

सासूबाई आल्या तेव्हा भांडं जेवणाच्या टेबलावर वाफाळत होतं आणि वहिनी शेजारी उभ्या राहून ताजंतवानं दिसण्याचा प्रयत्न करत होत्या.

सासूबाईंनी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग ताट पुढे केलं.

"चांगलं झालंय की गं!" त्या म्हणाल्या. "चिकन कसं लोण्यासारखं झालंय! गॅसवर हे कधीच जमलं नसतं. तुला तर नाहीच."

वहिनींनी हेही गिळलं.

"यंत्र राहू दे," सासूबाईंनी निकाल दिला. "सहा ते सात तू बस. मी हाक मारणार नाही."

जिंकल्या! वहिनींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आणि नेमके तेव्हाच दारातून बापलेक आत आले. आबांच्या शर्टाला ग्रीस, हातात स्क्रू, आणि नजर वाफाळत्या भांड्यावर.

"हे कशात शिजलं?" आबांनी विचारलं.

"तुमच्या सुनेच्या यंत्रात!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पास्त्याकडे पाहिलं.

आबांनी खिशात हात घातला आणि प्लग काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ ते कधी प्लगकडे, कधी भांड्याकडे बघत राहिले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सुनेने गॅसवर केलं असेल. पण आबांचा सुनेवर पूर्ण विश्वास होता, आणि पाटी आपणच बांधली होती यावर तर त्याहून जास्त.

"प्लग माझ्या खिशात," ते सावकाश म्हणाले. "तरी शिजलं. याचा अर्थ एकच. या घरात कुठेतरी वीज गळतेय!"

"म्हणजे विजेशिवायही चालतं?" सासूबाई हरखल्या. "मग तर फारच गुणी यंत्र!"

"कुणी भिंतीला हात लावू नका!" आबा गरजले. ते तडक दाराकडे गेले, वर खटका पडल्याचा आवाज आला, आणि सगळ्या घरात काळोख झाला. मग पत्र्याचा खणखणाट झाला. मेन स्विचला पाटी बांधली गेली होती.

"उद्या उजेड पडला की सगळं वायरिंग उघडतो," अंधारातून आबा म्हणाले. "तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

नवरा वहिनींच्या कानाशी आला. "खरं सांगून टाक गं. मी पाटी काढू शकत नाही, तुला माहितीये."

वहिनींनी विचार केला. खरं सांगितलं की दिवे येणार, आणि यंत्र जाणार. चार शब्दांचं काम होतं. पण मग त्यांच्या लक्षात आलं की दिवे नाहीत म्हणजे भांडी नाहीत, इस्त्री नाही, कुणाचं काही शोधून द्यायचं नाही. त्या चाचपडत सोफ्यापर्यंत गेल्या, बसल्या, आणि पाय वर घेतले. उशी नेमकी हाताला लागली. काय सुख होतं म्हणून सांगू! पंखा बंद होता, घाम येत होता, डास चावत होते, पण त्या बसल्या होत्या! अंधारात त्यांचं हसू कुणाला दिसलं नाही, हे एक बरं झालं.

"सूनबाई," पलीकडच्या खुर्चीतून आवाज आला.

"काय, आई?"

"एवढ्या काळोखात झोप काही यायची नाही. जरा चहा टाकतेस का सगळ्यांना? गॅसला काही वीज लागत नाही."

"आई, तुम्ही आत्ताच म्हणालात ना, हाक मारणार नाही?"

"मारणारच नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "उद्या, सहा ते सात."

वहिनींनी पाय खाली घेतले.