भट्टीच्या वाट्याची हवा

न्यू ब्रन्सविक या बर्फाळ प्रांतातल्या पोर्त-बेलान गावच्या ओविला तेरियोने नोव्हेंबरात तळघरात तेलावर चालणारी नवी भट्टी आणली. घर उबदार ठेवणारी जुनी भट्टी एकतीस वर्षं खोकून शेवटी गेली होती. मिस्त्री क्लोव्हिसने धुराडं झाडलं, नळ जोडले आणि बाहेरच्या भिंतीवर खडूने एक गोल काढला.

"इथे भोक पाडतो, ओविलाकाका. तेल जळायला बाहेरची हवा लागते. नाही मिळाली तर विषारी धूर उलटा घरात येतो. वीस मिनिटांचं काम आहे."

तेवढ्यात इमारत-तपासनीस मॅकेल्मनसाहेब तळघरात उतरले. खडूच्या गोलाकडे त्यांनी खिसेकापूकडे पाहावं तसं पाहिलं.

"भोक पाडता येणार नाही. या घराला 'हवाबंद निवास, वर्ग एक' असं प्रमाणपत्र मिळालंय. भोक पडलं की प्रमाणपत्र रद्द. ते रद्द झालं की घर निकृष्ट. आणि निकृष्ट घरात भट्टी बसवायला परवानगी नाही."

"मग तशीच चालू करू?" ओविलाने विचारलं.

"छे, छे. पुरेशा हवेशिवाय भट्टी धोक्याची असते." साहेब जबाबदार माणूस होते.

ओविलाची बायको एडमे पायरीवर कानटोपी विणत बसली होती. "म्हणजे गारठून मरायचं, पण प्रमाणपत्रासकट," ती म्हणाली.

हे साहेबांना लागलं. त्यांनी टेप काढून सगळं घर मोजलं आणि दोन तास आकडेमोड केली. घरातली हवा कागदावर भट्टीला बरोबर पुरत होती. फक्त तिच्यात फुकटे वाटेकरी होते : दोन माणसं आणि एक कुत्री. कुत्रीला अर्धी धरायची तरतूद होती.

"मार्ग आहे," साहेबांचा चेहरा उजळला. "घरातले श्वसनकर्ते कमी केले, तर भट्टी नियमात बसते."

"किती कमी?"

"अडीच."

क्लोव्हिस हसता हसता काजळीच्या बादलीत बसला.

ओविला हट्टी होता आणि त्याहून वाईट म्हणजे कायदा पाळणारा होता. त्याने श्वसनकर्ते कमी करण्याचा अर्ज भरला. 'श्वास घेण्याचे कारण' या रकान्यात 'सवय' असं लिहिलं. आठवड्यात मंजुरी आली. भट्टी सुरू झाली, घरात बावीस अंश झाले, आणि नवरा-बायको कुत्रीसह परसातल्या लाकडांच्या खोपटात राहायला गेले. तिथे फटींतून वारा शिट्ट्या घालायचा, त्यामुळे चूल झकास पेटायची. एडमे तिच्यावर कोंबडी-बटाट्याचा रस्सा रटरटवायची.

शेजारी बघायला आले. रिकाम्या घराच्या काचांना नाकं लावून म्हणाले, "काय ऊब आहे हो!" खोपटाकडे कुणी वळलं नाही. निघताना मात्र प्रत्येकाने ओविलाला बाजूला घेऊन विचारलं, "अर्ज कुठे मिळतो?"

फेब्रुवारीपर्यंत निम्मं गाव खोपटांत होतं आणि गावाला 'आदर्श उबदार वस्ती' ही ढाल मिळाली. समारंभ उघड्यावर, उणे अठरा अंशांत झाला. सभागृहातही भट्टी होती ना. टाळ्या हातमोज्यांतून वाजल्या, त्यामुळे फारशा ऐकू आल्या नाहीत.

हसलात? मग जरा उठा आणि न्हाणीघरात जा. गॅसच्या गिझरशेजारी झरोका आहे. थंडी येते म्हणून त्याच्यावर पुठ्ठा ठोकलाय. तो कोणत्या साहेबाने ठोकला?