एकाही नौकेला वाऱ्यावर सोडले जाणार नाही

बंदरात होड्या असतात, ही बाब बंदर कार्यालयाच्या लक्षात वर्षातून एकदाच, शीड महोत्सवाच्या सुमारास येते. एरवी आम्ही तिथे कागद हलवतो. आम्ही म्हणजे बंदर अधिकारी, ज्यांना सगळे नुसते साहेब म्हणत. सुरक्षा निरीक्षक, ज्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे. आणि आवक-जावक कारकून म्हणून मी.

त्या वर्षी महोत्सवासाठी शिडाच्या दोनशे बारा होड्यांची नोंद झाली होती. आदल्या वर्षी दोन होड्या एकमेकींना घासल्या होत्या आणि त्या हिसक्याने प्रमुख पाहुण्यांची टोपी पाण्यात पडली होती. माणूस पडला असता तर त्याला बाहेर काढून प्रकरण मिटवता आलं असतं. पण टोपी पाहुण्यांची होती. चौकशी समितीने चौऱ्याऐंशी पानांचा अहवाल दिला. टोपी बुडाली नाही, ती सात मिनिटे तरंगली आणि त्यानंतर एका समुद्रपक्ष्याने ती निवासासाठी ताब्यात घेतली, असा त्यात निष्कर्ष होता. त्या पक्ष्याने टोपीत पुढे तीन अंडी घातली, हे मी सांगत नाही. लोकांना वाटायचं, म्हातारा पदरचं घालतोय.

तर या अहवालावर कार्यवाही म्हणून साहेबांनी परिपत्रक काढायचं ठरवलं. समुद्राकडे पाठ करून ते मजकूर सांगत होते, मी टंकत होतो. नियमांची कलमं झाल्यावर साहेबांना भरून आलं. ते म्हणाले, "शेवटी एक माणुसकीचं वाक्य टाका. लिहा. महोत्सवाच्या काळात एकाही नौकेला वाऱ्यावर सोडले जाणार नाही, याची सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी."

वाक्य साहेबांना एवढं आवडलं, की त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. मग परिपत्रकाच्या प्रती अकरा कार्यालयांना रवाना झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक माझ्या टेबलापाशी आले. परिपत्रकातल्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या.

"हे अवघड काम आहे," ते म्हणाले. "पण करू. सगळ्यांची शिडं उतरवावी लागतील."

"शिडं? ती कशाला?"

"वाऱ्यावर सोडायचं नाही असं लिहिलंय. शीड वर असलं की होडी वाऱ्यावर जाणारच."

"अहो, ती बोलण्याची पद्धत आहे. वाऱ्यावर सोडणं म्हणजे कुणी वाली नसणं, दुर्लक्ष करणं."

"परिपत्रकात बोलत नसतात," निरीक्षक म्हणाले. "परिपत्रकात लिहितात. आणि तुम्ही काय लिहिलंय ते मला वाचता येतं."

आम्ही दोघे साहेबांकडे गेलो. साहेबांनी ओळ वाचली, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा ओळ वाचली. त्यांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. पण प्रती अकरा कार्यालयांना गेल्या होत्या. चूक दुरुस्त करायची तर चूक झाली असं अकरा वेळा लिहावं लागलं असतं.

"मला तेच म्हणायचं होतं," साहेब म्हणाले.

त्याच दुपारी शिडोबा आला. खाडीमुखाच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी, यंत्र नसलेली शेवटची होडी त्याची. खरं नाव त्याचं त्यालाही आठवत नसावं. त्याची बायको, जिला सगळे मावशी म्हणतात, दोन महिने पलीकडच्या काठावरच्या रुग्णालयात होती. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती आणि नेमक्या महोत्सवाच्या दिवशी दुपारी चार वाजता तिला घरी सोडणार होते.

"रस्त्याने नको म्हणालेत डॉक्टर," शिडोबा म्हणाला. "रस्ता तीन तासांचा आणि खड्डे मोजवत नाहीत. बसवलेलं हाड पुन्हा हलेल म्हणे. पाण्यातून वीस मिनिटं. ती पण म्हणाली, येईन तर आपल्या होडीतून, नाहीतर इथेच राहते. दोन महिने झालेत, भाऊसाहेब. घरात बोलायला भिंत आहे आणि ती पण पोपडे धरून बसलीय."

महोत्सवाच्या दिवशी बाकी सगळी वाहतूक बंद होती. पाण्यात उतरायचं तर महोत्सवात भाग घेणं भाग होतं. मी त्याच्यासाठी अर्ज काढला. 'जलप्रवासाचा हेतू' या रकान्यात तीनच पर्याय होते: स्पर्धा, प्रदर्शन, हौस.

"बायकोला आणणं यातल्या कशात बसतं?" मी विचारलं.

शिडोबाने डोकं खाजवलं. "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. हौसेत बसवा."

अशा रीतीने दोनशे तेरावी होडी नोंदवली गेली. शिडं उतरवायची आहेत, हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. ते निरीक्षकांनी केलं.

"शीड नाही, तर होडी जाणार कशी?" शिडोबाने विचारलं.

प्रश्न रास्त होता, म्हणून त्यावर बैठक झाली. होड्यांना यंत्राच्या लाँचने ओढावं असं ठरलं. पण लाँचने लाटा उठतात आणि लाटांनी होड्या हलतात. होडी हलणं हे अपघाताचं मूळ कारण असल्याचं चौऱ्याऐंशी पानी अहवालात नमूद होतं. लाँच रद्द झाल्या. वल्ही चालतील का? दोनशे तेरा होड्यांची वल्ही एकमेकांत अडकली असती. वल्हीही कार्यालयात जमा करून पावत्या देण्यात आल्या. आता होड्या आपसूक कुठे वाहत जाऊ नयेत म्हणून त्या धक्क्याला बांधायच्या ठरल्या. बांधल्यावर त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून एकमेकींना बांधायच्या ठरल्या. बचावाच्या चार होड्यांचं काय करायचं, असं मी विचारलं.

"त्या नौका आहेत का?" निरीक्षकांनी विचारलं.

"आहेत."

"मग बांधा."

या सगळ्यात बंदरातला झाडून सगळा दोर संपला. नांगरांचे दोर गेले, झेंड्याची दोरी गेली, माझ्या टेबलावरचा फायली बांधायचा सुतळीचा गुंडाही गेला.

वाहतूक नियंत्रणासाठी पाण्यात तरंगते सिग्नल बसवले होते. हिरवे दिवे वेळेत आले नाहीत, पण तांबडे आले होते आणि सुरक्षेच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते.

राहता राहिली शिडं. शीड महोत्सवात लोकांना शीड दिसलं नाही तर टीका होईल, असं साहेबांना वाटलं. उतरवलेली सर्वांत मोठी वीस शिडं घेऊन त्यांनी व्यासपीठ सजवायला सांगितलं. पाहुण्यांना शेजारून महोत्सव दिसावा म्हणून व्यासपीठ तरंगत्या धक्क्यावर उभारलं होतं. त्याच्या दोन्ही अंगांना उंच खांब रोवून वीसच्या वीस शिडं त्यांच्याच दोऱ्यांनी ताणून बसवली. सोफे मांडले, भाषणाचा लाकडी मेज आला, पायाखाली गालिचा आला. काठाला बांधायला दोर तेवढा उरला नव्हता. पण ती अडचण आली नाही, कारण निरीक्षकांच्या मते व्यासपीठ ही नौका नव्हती. ते सांस्कृतिक विभागाकडे येत होतं.

महोत्सवाला अकरा हजार लोक आले. काठावर बसून त्यांनी दोनशे सतरा बांधलेल्या होड्या तीन तास पाहिल्या. अधूनमधून निरीक्षक शिट्टी वाजवत, तेव्हा लोक टाळ्या वाजवत. साहेबांनी ध्वनिक्षेपकावरून दर अर्ध्या तासाने जाहीर केलं, "आतापर्यंत एकही अपघात नाही."

साडेतीन वाजता शिडोबा व्यासपीठावर चढला. मी फाईल घेऊन साहेबांच्या मागे उभा होतो.

"साहेब, माझी तेवढी एक सोडा. चार वाजता ती दारात येऊन बसेल. वाट बघेल हो."

"तुमच्या भावना पोचल्या," साहेब म्हणाले. "पण आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळे म्हणतील, सोडा."

"होडीच आहे साहेब, सुटायलाच केलेली असते ती."

"हे लेखी द्या."

प्रमुख पाहुण्यांनी नवी टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्या अर्थी त्यांना काहीतरी जाणवलं असावं. तेवढ्यात डावीकडून वारा आला. वीसही शिडं एकदम फुगली. व्यासपीठ जागच्या जागी एकदा कुरकुरलं आणि मग, एखादा पाहुणा जेवण झाल्यावर सावकाश उठतो तसं, काठापासून निघालं.

पाहुण्यांना आधी वाटलं, कार्यक्रमातच आहे. त्यांनी लोकांना हात केला. लोकांनीही हात केला.

साहेबांना कळलं तेव्हा अंतर पन्नास हात झालं होतं. ते ओरडले, "दोर सोडा! बचावाच्या होड्या सोडा!"

काठावरून निरीक्षक ओरडले, "वाऱ्यावर सोडता येणार नाही, साहेब! आपलं परिपत्रक आहे!"

"मी परिपत्रक रद्द करतोय!"

"लेखी द्या!"

साहेबांनी स्वागताच्या भाषणामागे दोन ओळी खरडल्या, सही केली, तारीख घातली. शिक्का कार्यालयात राहिला होता. तरी त्यांनी कागद काठाच्या दिशेने फेकला आणि वाऱ्याने तो घेतला. मी तो आवक नोंदवहीत कधीच चढवू शकलो नाही.

शिडोबा मात्र शिडांकडे बघत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

"आडवा वारा आहे," तो म्हणाला. "आडव्या वाऱ्यावर जाता पण येतं आणि येता पण येतं. भाऊसाहेब, तो मेज द्या इकडे."

भाषणाचा मेज आम्ही दोघांनी उलटा करून मागच्या कडेला पाण्यात सोडला. तेच सुकाणू. त्या मेजाने कुणाला दिशा दाखवण्याची ती पहिलीच वेळ. साहेबांना एका दोरीपाशी आणि पाहुण्यांना दुसऱ्या दोरीपाशी उभं केलं. "ओढा म्हटलं की ओढा, सोडा म्हटलं की सोडा. लेखी मागू नका," शिडोबाने बजावलं. आणि सांगतो, साहेबांनी उत्तम ओढलं. नोकरीत पहिल्यांदाच त्यांच्या हाताने काहीतरी हललं होतं. वाटेत आलेले तिन्ही तांबडे सिग्नल आम्ही आडवे केले.

चार वाजायला दोन मिनिटं असताना गालिचा, सोफे, फुलं आणि प्रमुख पाहुण्यांसह व्यासपीठ रुग्णालयाच्या धक्क्याला लागलं. मावशी चाकाच्या खुर्चीत बसून होती, मांडीवर गाठोडं.

"अहो, हे काय आणलंत?"

"आपली बांधून ठेवली. ही सरकारी आहे."

मावशीने सोफ्यांवरून नजर फिरवली. "ढेकूण नाहीत ना?" असं विचारून ती दोघा परिचारिकांच्या आधाराने मधल्या सोफ्यावर बसली आणि पाहुण्यांना म्हणाली, "सरका हो जरा. पाय लांब करायचाय." पाहुणे सरकले. परतीच्या वाटेवर पाय हलू नये म्हणून तिने त्यांची टोपी टाचेखाली घेतली. शेवटपर्यंत दोन्ही जागची हलली नाहीत, पायही आणि टोपीही.

आम्ही परत आलो तेव्हा अकरा हजार लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाण्यावर शीड लावून जाऊन आलेली ती दिवसभरातली एकच वस्तू असल्यामुळे पहिलं बक्षीस व्यासपीठाला मिळालं. साहेबांनी ते व्यासपीठाच्या वतीने स्वीकारलं. अहवालात अपघातांची संख्या शून्य दाखवली. व्यासपीठ नौका नसल्यामुळे ते वाऱ्यावर गेलं तरी कुणालाही वाऱ्यावर सोडलं नव्हतं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण बाहेर पडायच्या फाटकाशी अभिप्रायाची वही ठेवली होती. तिच्यात कुणा त्रासलेल्या माणसाने पहिल्याच पानावर लिहिलं: 'होड्यांची एवढी काळजी घेता, मग आम्हा नागरिकांनाच का वाऱ्यावर सोडता?' मागच्याला रांग दिसली म्हणून तो उभा राहिला, वही दिसली म्हणून त्याने सही केली. त्याच्या मागच्यानेही. काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या एका मागणीखाली अकरा हजार सह्या झाल्या.

एवढ्या लोकांची मागणी कोणतं कार्यालय डावलेल? साहेबांनी नवीन परिपत्रक काढलं: 'यापुढे एकाही नागरिकाला वाऱ्यावर सोडले जाणार नाही.' अंमलबजावणी निरीक्षकांकडे आहे. खिडक्यांपासून सुरुवात झाली आहे.

शिडोबा आणि मावशी सुटले. दोघं त्या दिवशी पाण्याच्या वाटेनेच घरी गेले, फाटकाशी आलेच नाहीत, म्हणून त्यांची सही नाही. मावशी आता काठीशिवाय चालते आणि त्यांच्या घरात सगळीकडून वारा येतो. तुमचं तसं नाही. निरीक्षक सध्या तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले आहेत, शिट्टी ऐकू येत असेल. तेव्हा आधी ती खिडकी लावून घ्या. पंखाही बंद करा. आणि उकडतंय म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका. वही माझ्याच कपाटात आहे, आणि तुमची सही मला चांगली ठाऊक आहे.