टेबलाखालचा वर्ग

दातारकाकांना राग आला की ते समोरच्याला अहो-जाहो करू लागत. एरवी गुडगावच्या आमच्या सोसायटीतलं प्रत्येक पोर त्यांच्या लेखी 'अरे गधड्या'. पण "आपण जरा गप्प बसता का?" असं कानावर आलं की समजावं, काका भडकलेत.

काका साताऱ्याचे, शाळामास्तर. काकू गेल्यावर मुलाकडे राहायला आले. तेव्हा नव्या कंपन्यांच्या नोकऱ्यांपायी इकडे आलेल्या आम्हा मराठी लोकांची मुलं घरातही हिंदीच बोलत. म्हणून काकांनी आमच्या डायनिंग टेबलावर रविवारचा मराठीचा वर्ग सुरू केला.

सगळ्यांत जास्त मान मिळायचा तो माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, ईशाला. ती खडू फेकायची, पाटीवर थुंकायची, आणि रागावलं की टेबलाखाली शिरायची. ओढून काढायला गेलं तर चावायची. माझ्या घोट्याला तो अनुभव होता.

एका रविवारी तिने शेजारच्या मुलीची वेणी खुर्चीला बांधली. काका म्हणाले, "ईशाताई, आपण ती सोडवावी." ईशाताई टेबलाखाली. "मैं नहीं आऊँगी."

"मग आम्ही येतो," म्हणत काका पाटी घेऊन गुडघ्यांवर रांगत आत गेले. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ 'तो आला, ती आली, ते आले' ऐकू येत होतं. मग आवाज थांबला. थोड्या वेळाने ईशाने माझी ओढणी ओढली. माझ्याशी ती एरवी मराठीत एक शब्द बोलत नसे.

"आजोबा अडकली."

"अडकले," टेबलाखालून कण्हल्यासारखा आवाज आला.

"आजोबा अडकले," म्हणून तिने भोकाड पसरलं.

काकांच्या पाठीत उसण भरली होती. माझ्या नवऱ्याने आणि चौकीदाराने त्यांना चादरीवर घेऊन बाहेर ओढलं. डॉक्टरांनी दोन-तीन दिवस पडून राहायला सांगितलं. आपल्यामुळेच आजोबांना लागलं, असं ईशाच्या मनाने घेतलं. ती रोज संध्याकाळी मराठीचं पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागली. ती वाचायची, काका पडल्यापडल्या चुका काढायचे.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी काका मला भाजीच्या हातगाडीपाशी दिसले. वाकून दुधी निवडत होते, मग दोन दुधी काखेत मारून ताठ चालत घरी गेले. पाठ बरी झाली तर, असं मला वाटलं.

संध्याकाळी त्यांच्यासाठी उपमा घेऊन गेले, तर काका पांघरूण घेऊन कण्हत पडलेले, आणि ईशा उशाशी बसून वाचतेय. ती पाणी आणायला आत गेली तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर भिंतीकडे वळवली.

"मुलगा-सून यायला आठ-नऊ वाजतात गं," ते हळूच म्हणाले. "ही सहाला येते."

ईशाची पावलं वाजली. मी उपम्याची बशी स्टुलावर ठेवली आणि काकांचं सरकलेलं पांघरूण पायांवर नीट ओढून दिलं.